सरपणाचं माप आणि दर : प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

कामाला हात घातला. वखारीत आज सरपण तीन मापांनी विकलं जातं. मोठा घेणारा काट्यावर वजन करून नेतो, मधला ट्रॉलीच्या हिशेबानं नेतो आणि किरकोळ गिऱ्हाईक मोळी उचलतं. तिन्ही दर वेगवेगळ्या वेळी ठरलेत, त्यांचा एकमेकांशी काही मेळ उरलेला नाही. ट्रॉलीनं घेतलेलं लाकूड काट्यावर चढवलं तर ते स्वस्त पडलं की महाग, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही.

खरी गाठ मात्र ओलीत, म्हणजे लाकडातल्या पाण्यात आहे. मालक, म्हणजे अण्णा, पहिल्याच बैठकीत म्हणाले, "वाळवून विकलं की माझंच नुकसान होतं बघा." तिथंच कागदावर मांडून पाहिलं. ताज्या तोडीचं १००० किलो लाकूड घेतलं आणि त्यात वजनाच्या ४५ टक्के पाणी धरलं, तर निव्वळ लाकूड ५५० किलो. ते वाळून २० टक्क्यांवर आलं की काट्यावर उरतं ६८८ किलो. लाकूड तेवढंच आहे, ३१२ किलो पाणी तेवढं उडून गेलं. किलोचा दर दोन्हीला एकच ठेवला तर वाळवणाऱ्याचे जवळजवळ एक तृतीयांश पैसे गेले. शिवाय जागा अडली, भांडवल महिनोन्महिने अडकलं, थप्प्या रचायची मजुरी वेगळी. नुसती बरोबरी साधायलाच सुक्या मालाचा किलोमागचा दर ओल्याच्या १.४५ पट हवा. अण्णांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

तेव्हा उद्दिष्ट असं ठरवलं: पावती वाचून घेणाऱ्याला आपण किती जळण घेतलं ते कळावं, आणि वाळवणाऱ्याच्या कष्टाचे पैसे त्याच पावतीतून वसूल व्हावेत. प्रत्यक्ष रुपयांत या नोंदींत शिरत नाही. २० टक्के ओलीच्या एका क्विंटलचा दर सगळीकडे १०० धरतो.

९ ऑक्टोबर

ओलीची टक्केवारी दोन प्रकारे काढतात आणि या दोन प्रकारांची सरमिसळ हेच अर्ध्या भांडणांचं मूळ आहे. पाण्याला एकूण वजनानं भागलं तर ओल्या वजनावरची टक्केवारी येते. तेच पाणी कोरड्या लाकडाच्या वजनानं भागलं तर कोरड्या वजनावरची. जळणाच्या व्यापारात पहिली चालते, सुतारकामात आणि लाकूडशास्त्रात दुसरी.

उदाहरणच लिहून ठेवतो, म्हणजे कुणालाही पडताळता येईल. २०० ग्रॅमचा नमुना भट्टीत वाळून १४८ ग्रॅम झाला. पाणी गेलं ५२ ग्रॅम. ५२ ला २०० नं भागलं की २६ टक्के, १४८ नं भागलं की ३५ टक्के. नमुना एकच, पाणी तेवढंच, आणि दोन आकड्यांत नऊ टक्क्यांचं अंतर. ताज्या लाकडात तर कोरड्या वजनावरची टक्केवारी शंभराच्या वरही जाते. ज्याला हे माहीत नसतं त्याला तो आकडा खोटाच वाटतो.

ठरवलेला नियम: पावतीवर आणि फलकावर फक्त ओल्या वजनावरची टक्केवारी. दुसरी आमच्या वहीत राहील, गिऱ्हाइकापुढे येणार नाही.

१२ ऑक्टोबर

दोन टाचण्यांचा ओल-मीटर आला. तो लाकडाचा विद्युतरोध मोजतो. पाणी जास्त तितका रोध कमी. यातले बहुतेक मीटर कोरड्या वजनावरची टक्केवारी दाखवतात, आमचाही तसाच आहे. म्हणून त्याच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली: मीटर १५ दाखवत असेल तर पावतीवर १३, २० असेल तर १७, २५ असेल तर २०, ३० असेल तर २३. गुणाकार-भागाकार काट्यावर उभं राहून करायला लावले तर कुणी करणार नाही, चिठ्ठी मात्र वाचतील.

मीटर ३० च्या वर गेला की त्याच्यावर विसंबायचं नाही. कारण लाकडाच्या रचनेतच आहे. कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंतचं पाणी पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं, त्याच्या वरचं पोकळ्यांत मोकळं असतं. भिंती तुडुंब भरल्या की पुढच्या पाण्यानं रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे ४५ आणि ६० यांतला फरक या यंत्राला कळत नाही.

१३ ऑक्टोबर

मीटर कुठं टोचायचा, यावर आज अख्खी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली. सहा महिने उन्हात पडलेला मांडीएवढा ओंडका. सालीजवळ टोचलं तर १६. कापलेल्या टोकावर १४. मग कुऱ्हाडीनं मधोमध फोडला. आतलं लाकूड हाताला गार लागलं, रंगही बाहेरच्यापेक्षा गडद. त्या ताज्या फोडीवर, मध्यभागी, रेषांच्या दिशेनं टाचण्या दाबल्या तर २८. ओंडका एकच आणि आकडे दुप्पट अंतराचे. टोकाकडून पाणी लांबीच्या दिशेनं झपाट्यानं निघून जातं, आडव्या दिशेनं फार सावकाश. म्हणून टोकं नेहमीच सुकी भासतात.

यावरून मोजणीची रीत पक्की केली. भारातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून एकेक लाकूड काढायचं, जाडसर असेल तेच. गिऱ्हाइकासमोर फोडायचं. ताज्या फोडीच्या मधोमध टोचायचं. तिन्हींची सरासरी पावतीवर घ्यायची. न फोडता घेतलेला आकडा धरायचाच नाही, मग घाई कितीही असो.

१५ ऑक्टोबर

मीटर पडताळायला भट्टीची चाचणी. ओंडक्याच्या मध्यातून चकती कापायची, टोकाची घ्यायची नाही. तुकडे करून लगेच तोलायचे आणि १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचे. भुसा घ्यायचा मोह टाळला, कारण करवतीच्या उष्णतेनं भुशातलं पाणी कापतानाच उडतं. २५ च्या आतल्या नमुन्यांत मीटर आणि भट्टी यांचं चांगलं जुळलं. तेवढं आमच्या कामाला पुरतं.

१९ ऑक्टोबर

आता आकारमान. लोखंडी पट्ट्यांची एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच चौकट करून घेतली. तिच्यात मीटरभर लांबीची लाकडं रचली की एक घनमीटर थप्पी होते. थप्पीत लाकूड किती आणि हवा किती, हे मोजायचं होतं.

त्यासाठी चौकटीवर आडवे-उभे दोरे बांधले, दहा-दहा सेंटिमीटरवर. आत ८१ गाठी पडतात. समोर उभं राहून कुठली गाठ लाकडावर येते आणि कुठली फटीवर, एवढंच मोजायचं. नेहमीच्या रचाईत ५३ गाठी लाकडावर आल्या, म्हणजे भरीवपणा ६५ टक्के. मग तीच लाकडं उतरवून रचणाऱ्यांना सांगितलं, जितकी घट्ट बसतील तितकी बसवा: ५७ गाठी, ७० टक्के. परत उतरवून सैल रचली: ४६ गाठी, ५७ टक्के. सैल रचाईत चौकट भरली तेव्हा बाजूला लाकडांचा बरा ढीग शिल्लक उरला होता. तो ढीग पाहून रचणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "म्हणजे आमच्या हातावर आहे तर सगळं." अगदी तसंच आहे. घट्ट थप्पीच्या पैशांत सैल थप्पी घेणाऱ्याला जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी लाकूड मिळतं आणि टेपनं मोजलं तर दोन्हीकडे बरोबर एक घनमीटर भरतं.

पद्धतीची मर्यादाही लिहितो. एवढ्या गाठींवर एकदा मोजलं तर आकडा पाचेक टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून जाळी थोडी सरकवून पुन्हा मोजायचं आणि मागच्या बाजूनंही मोजायचं.

रचाई उत्तम असल्याचं सांगून कुणी ९० टक्के भरीव म्हणत असेल तर ते मानू नये. अगदी सारख्या जाडीची, सरळसोट, गोल लाकडं एकावर एक नीट ओळीत ठेवली तरी ७८.५ टक्क्यांवर जात नाही; खाचेत खाच बसवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचली तर ९०.७, आणि तेही कागदावरच्या भूमितीत. या हिशेबात जाडी येतच नाही. बारीक लाकडांची थप्पी पोकळ निघते ती बारीक लाकूड वाकडं आणि गाठाळ असतं म्हणून.

२१ ऑक्टोबर

थप्पीच्या टोकांना आधार म्हणून लाकडं आडवी-उभी रचतात, तिथं फटी फार मोठ्या असतात. टोकांचे हे मनोरे मापात धरायचे नाहीत, किंवा थप्पीला दोन्हीकडून खुंट ठोकायचे. आम्ही खुंट घेतले. उंची तीन ठिकाणी मोजून सरासरी. उतारावरच्या थप्पीची लांबी जमिनीला टेप लावून न मोजता पातळीत मोजायची.

२४ ऑक्टोबर

ज्या तक्रारीवरून वखारीत सगळ्यात जास्त आवाज चढतात ती आज समोर बसून तपासली. गिऱ्हाईक मीटरभर लांबीची थप्पी पसंत करतं, पैसे देतं आणि ३३ सेंटिमीटरचे तुकडे करून मागतं. घरी जाऊन रचतं तर थप्पी ठेंगणी भरते. त्याला वाटतं मधे कुणीतरी लाकूड काढलं.

चौकटीतली मीटरभराची थप्पी सगळ्यांदेखत कापली, फोडली आणि त्याच चौकटीत तीन ओळींत परत रचली. आधी १०० सेंटिमीटर उंच होती, आता ९२. एक ढलपीही बाहेर गेली नव्हती, थोडा भुसा तेवढा पडला होता. लांब लाकडातला बाक शेजारच्याला दूर ढकलतो. त्याचे तीन तुकडे केले की बाक तिघांत वाटला जातो आणि फटी मिटतात. लाकूड तेवढंच राहिलं, हवा बाहेर पडली. घट लाकडाच्या वाकडेपणावर अवलंबून असते. सरळ लाकडात ती कमी भरेल, वेड्यावाकड्यात जास्त.

यावर उपाय साधा आहे: ज्या रूपात माल घरी जाणार त्याच रूपात मापायचा. तुकडे हवे असतील तर तुकडे रचून माप. पावतीवर लांबी लिहायची.

२८ ऑक्टोबर

ट्रॉली. इथं लाकूड फेकून भरतात, रचत नाहीत. फेकीव भराईचा एक घनमीटर चौकटीत रचून पाहिला. दोन तृतीयांशापासून सात दशांशापर्यंत कुठंतरी बसतो, आणि हा फरक टाकणाऱ्याच्या हातावर आणि तुकड्यांच्या आकारावर ठरतो. शिवाय रस्त्यानं हादरे बसून माल खाली बसतो. वखारीत काठोकाठ दिसलेली ट्रॉली दारात पोचेपर्यंत चार बोटं उतरलेली असते.

ट्रॉली हे माप म्हणून बंद करावं असं माझं ठाम मत झालं आहे. वाहतुकीचं साधन म्हणून ती राहील. अण्णांनी एकदा मान हलवली, मग म्हणाले, "पण लोक विचारतात ट्रॉलीचा दर काय." लोक विचारतील. उत्तरात वजन आणि ओल सांगायची, आणि त्या मालानं ट्रॉली साधारण किती भरेल तेही.

२ नोव्हेंबर

लाकडाची घनता घरच्या साधनांनी मोजायची एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. बादलीत पाणी भरून बादलीच तराजूवर ठेवायची आणि आकडा शून्य करायचा. मग लाकूड बारीक सळईच्या टोकानं पाण्याखाली दाबून धरायचं. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. तराजू जितके ग्रॅम वाढलेले दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या लाकडाचं आकारमान. लाकूड जितकं पाणी बाजूला सारतं तितक्याच वजनाचा भार खाली पडतो, लाकूड कितीही वेडंवाकडं असलं तरी. आकडा पटकन वाचायचा, नाहीतर लाकूड पाणी प्यायला लागतं.

बाभळीची फोड: बाहेर वजन १२१६ ग्रॅम, बुडवल्यावर तराजूवर १५२० ग्रॅम. ओल २० टक्के. म्हणजे एका भरीव घनमीटरात कोरडं लाकूड ६४० किलो. सावरीची फोड: वजन ४८० ग्रॅम, बुडवल्यावर १२०० ग्रॅम, ओल तेवढीच, घनमीटरात कोरडं लाकूड ३२० किलो. बरोबर निम्मं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या थप्प्या, सारख्याच घट्ट, आणि एकीत दुसरीच्या निम्मं जळण. डोळ्याला दोन्ही सारख्याच.

५ नोव्हेंबर

बाहेर इतरत्र काय करतात ते वाचलं. फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्यानं मीटर, लिटर, ग्रॅम ठरवले, त्याच कायद्यानं सरपणासाठी 'स्टेर' नावाचं स्वतंत्र एकक दिलं, एक घनमीटराएवढं. सरपणाचं माप तेव्हा इतकं महत्त्वाचं वाटलं होतं. अमेरिका आणि कॅनडात 'कॉर्ड' चालतो. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट किंवा ३.६२ घनमीटर. आपल्याकडचा वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा, कॉर्ड त्याच्या सव्वा पटीपेक्षा थोडा मोठा.

आमच्या कामाच्या दृष्टीनं जास्त मोलाच्या दोन गोष्टी सापडल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेच्या आदर्श नियमावलीत कॉर्डची व्याख्या करताना लाकडं समांतर, एकमेकांना टेकलेली आणि नीट रचलेली असावीत असं सांगितलंय, आणि 'फेस कॉर्ड', 'ढीग', 'ट्रकभर' असले शब्द विक्रीत वापरायला मनाई केली आहे. फेस कॉर्डमध्ये समोरची बाजू चार फूट बाय आठ फूट असते, पण लाकडाची लांबी कितीही असू शकते. १६ इंच लांबी असेल तर तो पुऱ्या कॉर्डचा तिसरा हिस्सा भरतो. ट्रॉली बंद करायच्या माझ्या आग्रहाला यातून बळ मिळालं.

दुसरी इंग्लंडची. तिथं १ मे २०२१ पासून दोन घनमीटरांपेक्षा कमी प्रमाणात विकलं जाणारं सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलीचं असल्याचं प्रमाणित करावं लागतं. ओल्या लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण हे त्याचं कारण. आम्ही आधारासाठी २० टक्केच धरले आहेत, ते योग्य झालं.

१० नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची. वजनानं विकावं की आकारमानानं, याचा निकाल लावायचा होता.

पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता असते, झाड कुठलंही असो. राळ असलेल्या चिडासारख्या लाकडात थोडी जास्त, बस. म्हणजे कोरड्या वजनापुढे बाभूळ आणि सावर जवळजवळ सारखीच. लाकडात जे पाणी असतं त्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २.४४ मेगाज्यूल खर्ची पडतात.

हिशेबाला कोरड्या किलोमागे १८.५ धरले. मध्यम-जड लाकडाची एक घनमीटर थप्पी, ६५ टक्के भरीव, तिच्यात ३९० किलो कोरडं लाकूड. २० टक्के ओलीला ती ४८८ किलो भरते, ४५ टक्के ओलीला ७०९ किलो. दोन्हींत २२१ किलोंचा फरक, तो सगळा पाण्याचा. उष्णता पाहिली तर सुकी थप्पी ६९७७ मेगाज्यूल देते आणि ओली ६४३६. थप्पीमागे तूट फक्त आठ टक्क्यांची. पण किलोमागे पाहिलं तर सुकं १४.३ मेगाज्यूल देतं आणि ओलं ९.१. तूट ३६ टक्क्यांवर गेली.

हे आकडे समोरासमोर ठेवले आणि गुंता सुटला. आकारमानाला ओलीनं फारसा धक्का लागत नाही, पण ते झाडाच्या जातीवर आणि रचणाऱ्याच्या हातावर पूर्ण फसतं. वजनाला जात आणि रचाई यांचं काहीच वाटत नाही, पण ते ओलीपुढे साफ फसतं. वजनाची उणीव भरून काढायला एक मीटर आणि एक कुऱ्हाड पुरते. आकारमानाची उणीव भरून काढायला दोन गोष्टी कळाव्या लागतात, आणि मिश्र लाकडाच्या वखारीत त्यातली एक, म्हणजे जात, दर थप्पीत वेगळी. तेव्हा सुक्या मालाला वजन आणि ओल.

ओल्या मालाला मात्र आकारमान. मीटर ३० च्या वर भरवशाचा नाही आणि वजनात पाण्याचे पैसे लागतात. थप्पीनं विकलं तर पाण्याचे पैसे लागतच नाहीत. वाळताना थप्पी किती आटेल अशी शंका अण्णांनी काढली. मोकळं पाणी पोकळ्यांतून जातं तेव्हा लाकूड आकुंचन पावत नाही. आकुंचन सुरू होतं ते भिंतींतलं पाणी निघायला लागल्यावर. ताज्यापासून २० टक्क्यांपर्यंत येताना थप्पी त्यामुळे फारशी खाली बसत नाही.

एक गोष्ट या हिशेबात येत नाही आणि ती गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे. ओल्या थप्पीची आठ टक्के तूट फक्त वाफेची आहे. प्रत्यक्ष चुलीत किंवा भट्टीत ओलं लाकूड जाळ धरत नाही, धुमसतं, न जळलेला वायू धूर होऊन निघून जातो आणि धुराड्यात काजळी-डांबर बसतं. ओला माल 'आज जाळायला' म्हणून विकायचा नाही, 'वाळवून वापरायला' म्हणूनच.

१४ नोव्हेंबर

दरपत्रक बसलं. आधार: मीटर २५, पावतीवर २० टक्के, दर १००. कोरडं लाकूड जास्त तर दर त्याच प्रमाणात जास्त. मीटर १५ दाखवत असेल तर १०८.७, २० ला १०४.२, ३० ला ९६.२. उष्णतेच्या हिशेबानं मांडलं तर १५ ला ११० आणि ३० ला ९५.५ येतात. फरक दीडेक अंकाचा. काटेकोरपणा उष्णतेच्या हिशेबात जास्त आहे हे खरं, तरी मी कोरड्या वजनाचा धरला, कारण तो गिऱ्हाइकाला एका वाक्यात पटवता येतो: "पाण्याचे पैसे नाहीत, लाकडाचेच आहेत."

ओल्या थप्पीचा दर असा काढला: थप्पीतलं कोरडं लाकूड, त्याचं २० टक्के ओलीला होणारं वजन, त्या वजनाचा दर, आणि त्यातून वाळवणीचा खर्च वजा. वाळवणीच्या खर्चात जागेचं भाडं, रचायची आणि उलथायची मजुरी, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि कुजून-किडून जाणारी घट असं सगळं अण्णांनी स्वतः लिहून काढलं. आजवर हे त्यांच्या डोक्यात एकत्र असायचं, कागदावर प्रथमच आलं. आता ओलं नेऊन घरी वाळवणाऱ्याला वाळवणीची मजुरी सुटते आणि सुकं नेणारा ती देतो. जड आणि हलकं असे दोनच वर्ग केले. झाडागणिक दर ठेवले तर काट्यावर रोज वाद होतील.

२० नोव्हेंबर

नव्या पावतीचा काट्यावर पहिला दिवस. पावत्या लिहिणाऱ्या ताईंनी मीटर इतक्या सहज हातात घेतला की समजावायला काही उरलं नाही. एक भट्टीवाले आले, त्यांच्या मालाची सरासरी मीटरवर २९ आली. ताई म्हणाल्या, "काका, जरा ओल आहे, दर उतरून लागेल." काका क्षणभर थबकले, विकणाऱ्याकडून आपणहून दर उतरल्याचं त्यांच्या पाहण्यात नसावं. त्यांनी फोडलेली फाटी उचलून स्वतः टोचून पाहिली, दुसऱ्या थरातली आणखी एक फोडायला लावली, मग खिशातून चष्मा काढून चिठ्ठीवरचा आकडा वाचला. गेले तेव्हा विचारून गेले की पुढच्या महिन्यात वीसच्या आतला माल मिळेल का, त्याला ते चढा दर द्यायला तयार आहेत.

वाळवणाऱ्याला पैसे मिळण्याचा रस्ता हाच आहे. चढा दर द्यायला गिऱ्हाईक स्वतःहून येतं, कारण त्याला आकडा दिसतो.

काट्याबद्दल एक सूचना लिहून ठेवतो. गाड्या तोलायच्या मोठ्या काट्याचा भाग २० किलोंचा आहे, म्हणजे तो वजन वीस-वीस किलोंच्या टप्प्यानं दाखवतो. पाच टनांच्या गाडीला ते चालतं, दोनशे किलोंच्या हातगाडीला मुळीच नाही. तिथं एका भागानं दहा टक्के चूक होते. लहान मालाला लहान काटाच. आणि रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्यानं घ्यायचं, मागच्या पावतीवरून उतरवायचं नाही.

२६ नोव्हेंबर

मोळी. काटक्या-फाट्यांची मोळी निम्म्याहून जास्त हवेची असते आणि बांधणाऱ्यागणिक बदलते. तिला दोरीच्या घेरानं मोजायचा विचार सोडला. मोळ्या लहान काट्यावर तोलायच्या, पाच आणि दहा किलोंच्याच बांधायच्या, रंगीत सुतळीनं ओळखू येतील अशा. किरकोळ घेणारा हा सगळ्यात तंगीतला गिऱ्हाईक असतो आणि मापाची सगळ्यात मोठी तूट आजवर त्याच्याच पदरात पडत आली. त्याच्या पाच किलोंत पाच किलो आलेच पाहिजेत, आणि सुके.

३ डिसेंबर

फलकाचा मजकूर अण्णा, ताई आणि रचणारे अशा सगळ्यांनी बसून ठरवला: "सुकं लाकूड वजनावर. ओल आपल्यासमोर फोडून मोजली जाईल. मीटरवर ३० च्या वर आलेला माल वजनानं विकला जाणार नाही. ओलं लाकूड थप्पीवर, रचून, वाळवून वापरण्यासाठी. पावतीवर वजन, ओल, लांबी, वर्ग आणि तारीख पाहून घ्या." रचणाऱ्यांनी आणखी एक ओळ घालायला लावली, थप्पी मोजताना गिऱ्हाइकानं समोर थांबावं. ती घातली.

तारीख पावतीवर का, असं कुणी विचारलं तर: लाकूड हवेतून पाणी परत घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर छपराखालचं लाकूड कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. हवा ९० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड हळूहळू २० कडे चढतं. आज मोजलेला आकडा पावसाळ्यात लागू पडणार नाही.

म्हणून छपराखालच्या एका थप्पीत काही लाकडांना रंगाच्या खुणा करून ठेवल्या आहेत, त्यांचं आजचं वजन वहीत आहे. पावसाळा सुरू झाला की दर पंधरवड्याला तीच तोलायची. वजन किती चढतं त्यावरून पावसाळ्यातल्या मालासाठी दरपत्रकाचा वेगळा तक्ता लागेल की मीटरवरच भागेल, ते ठरेल. वही ताईंकडे राहील.